मागावरची खळ

दहावीच्या बॅचला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही इचलकरंजीत जमलो आणि जेवणं झाल्यावर कुणीतरी खो-खोची टूम काढली. हीच टूम जेवणाआधी निघाली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पोटात बासुंदीच्या दोन वाट्या होत्या. मैदान तेच, खांब तोच, आणि मी एके काळी जिल्ह्याला खेळले होते हे सगळ्यांना आठवत होतं, कारण सकाळपासून मीच ते चारदा सांगितलं होतं. खो मिळाला. उठले, धावले, खांबाला हात घालून वळले. अंग वळलं, पाऊल मात्र जिथं रोवलं होतं तिथंच राहिलं. गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला. तो इतका स्वच्छ होता की चौकोनात बसलेल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "कुणाची चप्पल तुटली गं?"

चप्पल नव्हती. पुण्यात येऊन एमआरआय काढला तेव्हा कळलं की 'एसीएल गेलं'. ही मंडळी 'गेलं' असंच म्हणतात, जणू ते घरात न सांगता कुठंतरी निघून गेलंय. डॉक्टरांनी माझ्याच पावतीच्या मागं गुडघा काढून दाखवला. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, समोर वाटी, मध्ये गादी, आणि गाभ्यात एकमेकांवर फुली मारून जाणारे दोन पट्टे. त्यांतला पुढचा तो माझा. लांबी जेमतेम सव्वा इंच, जाडी करंगळीएवढी. नडगी पुढं सरकू नये आणि वळताना गुडघा दगा देऊ नये, एवढंच त्याचं काम. सेहेचाळीस वर्षं त्यानं ते बिनतक्रार केलं आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

मी हिशेबाच्या धंद्यातली. कुठलीही वस्तू दिसली की तिची किंमत आणि तिचा घसारा मनात येतोच. गुडघ्याचाही घसारा अमेरिकेत कुणी मोजून ठेवला आहे, हे कळलं तेव्हा मला त्या लोकांविषयी जवळीक वाटली. १९९१ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. मृत्यूनंतर मिळालेले गुडघे यंत्रात धरून हा पट्टा तुटेपर्यंत ताणला. बावीस ते पस्तीस वयाच्या माणसांत तो सरासरी २१६० न्यूटनला तुटला, म्हणजे सुमारे २२० किलो. साखरेची चार पोती आणि वर थोडी. चाळीस ते पन्नास वयात १५०३ न्यूटन, तीन पोती. साठीच्या पुढं ६५८. एक पोतं आणि वाण्यानं वर घातलेली सतरा किलो. इतका सरळ उतरता घसारा मी कुठल्या यंत्राचाही पाहिलेला नाही.

अण्णांना हा आकडा सांगितला. अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. तीस-पस्तीस वर्षं सहा मागांचा संसार केला. आई गेल्यापासून ते इचलकरंजी सोडायला तयार नसत. पण माझ्या ऑपरेशनचं कळलं आणि न बोलावता एसटीनं आले, सोबत एक पिशवी आणि वॉकर. वॉकर कुणाकडून तरी मागून आणला होता. आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि स्वतःचा गुडघा चाचपून म्हणाले, "म्हणजे माझं एक पोतंच राहिलं म्हणायचं. आणि मी भरलेली बीमं उचलायचो."

ऑपरेशन असं असतं: मांडीच्या मागून दोन शिरा काढतात (आपण शिरा म्हणतो, त्या स्नायूंच्या दोऱ्या असतात), दुमडून चार पदरी करतात, हाडांत बोगदे पाडून त्यांतून ओवतात. वरच्या टोकाला टायटॅनियमचं बटण, खालच्या टोकाला स्क्रू. "दोरा, दुमड, काज, बटण," अण्णा म्हणाले. "हे शिंपीकामच की गं."

बिल आलं तेव्हा मी शुद्धीवर होते, पण बिल वाचून ती शुद्ध थोडी डळमळली. एका ओळीत लिहिलं होतं: बायोॲब्झॉर्बेबल स्क्रू. शेजारी किंमत. मी विचारलं, "हे काय?" तरुण डॉक्टर म्हणाले, "तो विरघळतो, ताई. दोनेक वर्षांत आत काही राहत नाही." ज्यांचं आयुष्य मालमत्तेच्या नोंदी ठेवण्यात गेलं, त्यांनाच अशा वाक्याची खोली कळेल. लोखंड गंजतं, लाकूड किडतं, हे आम्ही समजून घेतो. पण विरघळण्यासाठीच विकत घेतलेली वस्तू, आणि ती विरघळली म्हणजेच पैसे वसूल! अण्णा खिडकीपाशी उभे होते. "पैसे विरघळतात हे ठाऊक होतं," ते म्हणाले. "पैसे देऊन विरघळणारं आजच बघितलं."

पुढचे सहा आठवडे पाय उशीवर आणि फोन हातात. नवरा ऑफिसात, मुलगी कॉलेजात, घरात मी आणि अण्णा. मी वाचायचे आणि अण्णांना सांगायचे; अण्णा गवार मोडत ऐकायचे. गवार संपली की प्रश्न विचारायचे.

तो स्क्रू दह्याचा निघाला. म्हणजे तसा नव्हे, पण फार लांबचाही नाही. तो पॉलिलॅक्टिक आम्लाचा होता. लॅक्टिक आम्ल म्हणजे दही आंबट करणारं आम्ल. कार्ल शेले नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं ते १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. आता ते मक्याची किंवा उसाची साखर आंबवून करतात आणि त्याच्या कड्या एकात एक अडकवून लांब साखळी बनवतात. ती साखळी इतकी टणक होते की तिचा आटे असलेला स्क्रू करता येतो. शरीरात गेला की आतलं पाणीच एकेक कडी सोडवत जातं. पुन्हा लॅक्टिक आम्ल. ते शरीराच्या रोजच्या ओळखीचं, त्यामुळं त्याची विल्हेवाट लागते आणि शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. थोडक्यात, मी तो महाग स्क्रू दोन वर्षांत श्वासावाटे पुण्याच्या हवेत सोडून देणार होते.

"मक्याचा म्हणालीस?" अण्णांनी गवारीची शेंग हातात तशीच धरली. "मग ही खळच की."

ज्यांचं बालपण मागाच्या खडखडाटात गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाचं उभं सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावतात. मक्याच्या पिठाची कांजीच ती. सायझिंगमध्ये सूत त्या कढत खळीतून जातं, वाळतं, बीमावर गुंडाळलं जातं. खळीशिवाय सूत चढवलं तर फणीत घासून, धोट्याच्या माऱ्यानं तासाभरात पिंजून निघेल. खळ त्याला अंग देते. पण ती कापडाची नव्हे. कापड विणून झालं की प्रोसेसला जातं आणि पहिलं काम होतं खळ धुऊन काढायचं. खळ राहिली तर रंग धरत नाही आणि कापड हाताला पापडासारखं लागतं. आमच्या घरात एखाद्या आगाऊ पाहुण्याबद्दल 'ह्याची अजून खळ गेली नाही' असं म्हणत.

मी अण्णांना म्हटलं, स्क्रू ही किरकोळ बाब झाली. कित्येक लोक पंचवीस-तीस वर्षं याहून मोठ्या गोष्टीच्या मागं आहेत. त्यांना अख्खा पट्टाच असा विरघळणारा करायचाय. धाग्यांची एक दोरी गुडघ्यात ओवायची. पेशी तिच्यावर चढतील, तिच्या आधारानं स्वतःचं कोलॅजन विणतील. जसजसं नवं विणून होईल तसतशी जुनी दोरी नाहीशी होईल. शेवटी गुडघ्यात फक्त आपलं स्वतःचं उरेल. इंग्रजीत त्याला बांधकामावरचाच शब्द आहे, आपली परांची.

समोरच्या इमारतीला तेव्हा रंग चालू होता आणि बांबूची परांची गॅलरीतून दिसत होती. अण्णा तिच्याकडं बघत म्हणाले, "परांची कशाला म्हणतात? परांची काम झाल्यावर काढतात. तू सांगतेस ते निराळं आहे." मग जरा थांबून: "म्हणजे मागावर असतानाच खळ धुवायची?"

गेले काही दिवस मी वाचत होते त्या पानांत हा पेच इतक्या कमी शब्दांत मला सापडला नव्हता. खळ लवकर गेली तर सूत तुटणार. राहून गेली तर कापड बिघडणार. आणि माग मात्र थांबवायचा नाही, कारण माणूस तर चालणार, जिना चढणार, बाथरूममध्ये घसरणार.

खरं म्हणजे शरीराला हे जमत नाही असं नाही. गुडघ्याच्या आतल्या कुशीला जो दुसरा पट्टा असतो तो फाटला तर बहुतेक वेळा आपोआप भरून येतो. तिथं रक्त गोठतं, गाठ धरते, त्या गाठीच्या आधारानं पेशी येतात. गोठलेलं रक्त ही निसर्गाची फुकटची परांची. आमचा एसीएल मात्र सांध्याच्या आत, वंगणात बुडालेला. त्या वंगणात रक्ताची गाठ टिकतच नाही. तिथली द्रव्यं ती विरघळवून टाकतात. दोन तुटकी टोकं समोरासमोर लोंबत राहतात, मध्ये पूल नाही. बोस्टनच्या मार्था मरे या शल्यविशारदबाई आधी अभियांत्रिकी शिकलेल्या. त्यांनी या मधल्या जागेवरच नेम धरला. गाईच्या ऊतींतून काढलेल्या कोलॅजनचा एक स्पंज, त्यात रुग्णाचंच थोडं रक्त भरायचं आणि तो त्या फटीत बसवायचा. स्पंजात रक्ताची गाठ सुरक्षित राहते आणि टोकं तिच्यातून एकमेकांकडं वाढत जातात. साधारण आठ आठवड्यांत स्पंज संपतो. २०१५ मध्ये माणसांवर सुरुवात झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. मला यात आवडलं ते एवढंच, की बाईंनी पट्टा बनवला नाही. खपली टिकेल अशी जागा करून दिली.

जुन्या लोकांनीही नकळत विरघळणारंच वापरलं होतं. १८९५ साली इंग्लंडात लीड्सला मेयो रॉबसन नावाच्या सर्जननं एका एक्केचाळीस वर्षांच्या खाणकामगाराचे तुटलेले पट्टे शिवले, ते कॅटगटनं. नावात मांजर आहे, पण दोरा मेंढीच्या आतड्याचा. तो काही आठवड्यांत शरीरात जिरतो. सहा वर्षांनी तो कामगार व्यवस्थित चालत होता अशी नोंद आहे. आणि आपल्याकडं सुश्रुतसंहितेत तर फाटलेलं आतडं जोडायला काळे मुंगळे चावायला लावावेत, चावले की धड तोडून डोकी तशीच ठेवावीत, असं सांगितलंय. हे वाचून दाखवलं तेव्हा मुलगी जेवत होती. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

मधल्या काळात मात्र माणसाला कायमचं टिकणाऱ्या वस्तूंचा मोह झाला. तोही समजण्यासारखा आहे. मी स्वतः स्टीलची भांडी बघून विरघळते. १९७० च्या दशकात कार्डिफमध्ये कार्बनच्या धाग्यांचे पट्टे बसवले गेले. धागे तुटले आणि त्यांच्या काळ्या चुऱ्यानं सांध्याची आतली बाजू काळी पडली. ऐंशीच्या दशकात पावसाळी जाकिटांत असतं ते टेफ्लॉनच्या जातीचं विणकाम आलं, पॉलिएस्टरचे पट्टे आले. पहिल्या दिवशी हे सगळे मूळ पट्ट्याहून मजबूत. पण गुडघा दिवसात हजारो वेळा वाकतो आणि पट्टा हाडाच्या कडेला प्रत्येक वेळी घासतो. वर्ष-दोन वर्षांत धागे झिजले, चुरा पडला, गुडघे सुजले. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही. "दोरा ताणून तुटत नाही, घासून तुटतो. सहा मागांत सहाही ठिकाणं पाठ होती मला, कुठं तुटणार ती." जिवंत पट्टाही घासतोच, पण त्याच्यात पेशी बसलेल्या असतात, त्या रात्रंदिवस रफू करत असतात. पॉलिएस्टरला रफूवाला नसतो.

तेव्हा विरघळणाऱ्याकडं सगळे परत आले. पण किती वेळात विरघळणारं? इथून प्रकरण स्वयंपाकघरात शिरतं. पॉलिग्लायकॉलिक नावाचा दह्याच्या आम्लाचा एक चुलतभाऊ आहे, तो महिन्याभरात दम सोडतो. पॉलिलॅक्टिक चिवट, त्याला वर्षं लागतात. दोन्हींचं मिश्रण केलं की मधला वेळ साधता येतो. इडलीला डाळ किती आणि तांदूळ किती, तसंच. गंमत अशी की निम्मं-निम्मं घेतलं तर ते 'मधलं' निघत नाही, नेहमीच्या मिश्रणांत तेच सर्वांत आधी, दोनेक महिन्यांत जातं. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे जाड तुकडा आतून आधी कुजतो. बाहेरचं आम्ल धुऊन जातं. आतलं कोंडून राहतं आणि तेच उरलेल्याला खात सुटतं. एका वेळी फार आम्ल सुटलं तर आजूबाजूचं मांस सुजतं. दही फार दिवस ठेवलं की काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे.

आकार कसा द्यायचा, यावर अमेरिकेतल्या काटो लॉरेन्सिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेणी घातली. अक्षरशः वेणी. विरघळणाऱ्या धाग्यांची त्रिमिती गुंफण, दोन्ही टोकं हाडाच्या बोगद्यात जायची म्हणून घट्ट, मधला भाग सैल, म्हणजे पेशींना आत शिरायला दोन-तीन केसांच्या जाडीएवढ्या फटी राहतात. २००५ मध्ये त्याचं काम प्रसिद्ध झालं, २००७ मध्ये सशांच्या गुडघ्यांतलं. ते चित्र पाहिलं आणि मला माझी आई आठवली. शाळेला जाताना ती माझ्या दोन वेण्या घालायची: वर कानामागं डोळे ताणले जातील इतकी घट्ट, खाली लाल रिबिनीचं फूल घट्ट, आणि मध्ये मात्र सैलसर. मध्ये कशाला सैल, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "केसांना जरा हवा नको?" ती म्हणाली होती.

अण्णांना वेणीपेक्षा रेशमात रस. २००२ मध्ये बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या मंडळींनी रेशमाची दोरी वळली. तीस धाग्यांची एक जुडी, सहा जुड्यांचा एक पेड, तीन पेडांची एक दोरी, आणि अशा सहा दोऱ्या शेजारी-शेजारी. अण्णांनी डोळे मिटून सुरू केलं, "तीस सक एकशेऐंशी, त्रिक पाचशेचाळीस, सक... तीन हजार दोनशे चाळीस." बरोबर तेवढेच धागे. ती दोरी २३३७ न्यूटनला तुटली, म्हणजे विशीतल्या गुडघ्यापेक्षा अंमळ जास्तच. रेशीम शरीरात वर्षभरात ताकद सोडतं आणि दोनेक वर्षांत नाहीसं होतं. घाईही नाही, अडून बसणंही नाही.

पण त्याआधी एक काम करावं लागतं. किडा कोश करताना धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक चढवतो, त्यानं कोश घट्ट बसतो. त्या डिंकासकट रेशीम शरीरात घातलं तर शरीर खवळतं. म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळून तो डिंक काढतात. पैठणीच्या रेशमालाही हेच करतात, नाहीतर त्याला तो मऊपणा आणि ती चमक येत नाही. हे ऐकून अण्णांनी मांडीवर थाप मारली. "किडा स्वतःच खळ लावतो की! आणि आपण सायझिंगवाल्याला पैसे भरत बसलो."

मला स्वतःला अधिक भावली ती दुसरीच गोष्ट. नेहमीचं तुतीवरचं रेशीम पेशींना गुळगुळीत वाटतं, त्यावर हात ठेवायला जागा नसते. टसरच्या रेशमात मात्र तीन अमिनो आम्लांची एक छोटीशी जुळणी मुळातच असते, आणि पेशींना ती बसमधल्या कडीसारखी धरता येते. खरगपूरच्या आयआयटीत टसरवर यासाठी बरंच काम झालंय. हे तेच टसर, जे भंडारा-गडचिरोलीकडं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतं, ज्याला तिकडं कोसा म्हणतात. तिथली ढिवर मंडळी पाखरांना हुसकत, मुंग्यांशी भांडत जंगलात त्या अळ्या राखतात. तुतीच्या रेशमाला माणसानं हजारो वर्षं घरात बसवून गुळगुळीत केलं. कडी राहिली ती रानातल्या धाग्याकडं. यातून मोठं काही काढायचा मोह मला होतोय, पण नको.

या सगळ्या वेण्या आणि दोऱ्या रोजच्या शस्त्रक्रियेत अजून आलेल्या नाहीत. एक कारण अण्णांनी सांगितलेलंच, मागावर असतानाच खळ धुवायची. दुसरं असं की पेशींना नुसता मांडव दिला तर त्या त्यावर आळशासारख्या लोळत राहतात. धागा रोज थोडा ताणला, थोडा पिळला, तरच त्या एका रेषेत लागतात आणि कामाचं कोलॅजन विणतात. म्हणून प्रयोगशाळेत त्या दोरीला ताण आणि पीळ देणारी यंत्रं बनवावी लागली. म्हणजे पेशींनाही फिजिओ लागतो. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझी फिजिओ रोज साडेदहाला येत असे.

ती विशीतली मुलगी, बोलायला गोड आणि हाताला निर्दय. सातव्या आठवड्यात मला इतकं छान वाटायला लागलं की मी वॉकर कोपऱ्यात ठेवून स्वयंपाकघरात चहा करायला उभी राहिले. तिनं ते पाहिलं आणि ती पहिल्यांदा चिडली. "काकू, बरं वाटतंय ना? म्हणूनच सांभाळा. आत्ता तुमची शीर सगळ्यात कच्ची आहे." मला वाटलं ती घाबरवतेय. पण नंतर वाचलं तर तेच. मांडीतून काढून गुडघ्यात घातलेली ती शीर पहिल्या आठवड्यांत आतून मरते. तिच्या मूळ पेशी जातात, रक्तवाहिन्या नव्यानं यायच्या असतात, बाहेरून पेशी येऊन जुनं कोलॅजन काढून नवं घालायला लागतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती सर्वांत दुबळी असते, आणि नेमकं तेव्हाच सूज उतरून माणसाला गिरणीवरून दळण आणावंसं वाटतं. पुढं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, हे विणकाम चालू राहतं.

म्हणजे मी ज्याला नवा पट्टा समजत होते तो पट्टा नव्हताच. तीही परांचीच, फक्त माझ्या स्वतःच्या मांडीची. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. वॉकर कोपऱ्यातून उचलून त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवला आणि चहा स्वतः केला. साखर विसरले.

बाराव्या आठवड्यापर्यंत अण्णा राहिले. त्या दिवसांत ते माझ्या मागं दोन पावलांवर चालायचे, हात पुढं करून, पण न धरता. आधी दोन पावलांवर, मग चार. मग मी गेटपर्यंत जायचे आणि ते गॅलरीतून बघायचे. एके दिवशी मी गेटवरून वर पाहिलं तर गॅलरीत कुणीच नव्हतं. ते आत पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. वॉकर सोबत नेला, ज्याचा त्याला परत द्यायचा म्हणून.

दोन वर्षांनी आम्ही सगळे जोतिबाला गेलो. चढताना काही नाही. पायऱ्या उतरताना गुडघा कुरकुरला आणि रात्री सुजला. पुन्हा एमआरआय. पट्टा उत्तम, डॉक्टर खूश. मी म्हटलं, "आणि स्क्रू?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोगद्यात एक पुसट आकृती, आटे झिजलेले, पण अगदी ओळखू येणारी. "आहे अजून थोडा. काहींना जास्त वेळ लागतो. त्रास काही नाही." घरी जाऊन मी वहीत लिहिलं: अपेक्षित आयुष्य दोन वर्षं, प्रत्यक्ष शिल्लक आहे. माझ्या सबंध कारकिर्दीत मुदतीपेक्षा जास्त टिकल्याबद्दल मला राग आलेली ही एकमेव मालमत्ता.

त्याच आठवड्यात इचलकरंजीला गेले. अण्णांना फिल्म दाखवली. त्यांनी ती खिडकीकडं धरली, उलटी धरली, बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, बस. माझा गुडघा मांडीवर घेतला आणि अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत वाटीखालची कातडी धरून हळूहळू चोळली. दारात कापडाचा तागा आला की ते असाच पोत बघायचे, डोळे दुसरीकडं लावून, सगळं लक्ष बोटांत. सकाळी उठल्यावर गुडघा जरा कडक असतो, मी म्हटलं. ते हुं म्हणाले. आणखी दोनदा चोळून पाय खाली ठेवला.

"जाईल," ते म्हणाले. "अजून एक-दोन धुण्यांत जाईल."